टीव्हीवालं जुनं ग्राफिक्स कार्ड घ्यायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चवथीला माळा साफ केला की लोकांना कॅसेटी सापडतात आणि मग माझ्याकडे मेसेज सुरू होतात. मडगावहून, डिचोलीहून, पेडण्याहून, आणि प्रश्न जवळपास तेच. म्हणून एकदाच सगळी उत्तरं इथे लिहून ठेवतोय. वरून खाली वाचलंत तर उत्तम, नाहीतर आपला प्रश्न शोधा, कुठलं उत्तर दुसऱ्याला जोडलेलं असेल तिथे नंबर दिलाय.

१. टीव्ही-आउट, व्हीआयव्हीओ, ट्यूनर, ऑल-इन-वंडर... हे सगळं एकच का?

नाही, आणि विकणारे मुद्दाम किंवा न कळून सगळ्याला "टीव्ही कार्ड" म्हणतात तिथेच घोळ होतो. टीव्ही-आउट म्हणजे कॉम्प्युटरचं चित्र टीव्हीवर पाठवणं, बस. २००० ते २०१० च्या दरम्यानच्या ढीगभर कार्डांवर ते गोल काळं एस-व्हिडिओ सॉकेट असतं, ते हे. व्हीआयव्हीओ म्हणजे व्हिडिओ आत पण येतो आणि बाहेर पण जातो, म्हणजे व्हीसीआर लावून कॅसेट कॉम्प्युटरवर घेता येते, यालाच कॅप्चर म्हणतात. ट्यूनर म्हणजे कार्डावरच अँटेनाची वायर लावायची सोय, चॅनल पकडणारा पत्र्याचा डबा. एटीआय कंपनीच्या ऑल-इन-वंडर मालिकेत हे तिन्ही एकाच कार्डावर असायचं, १९९६ पासून ही मालिका चालू होती. सॉकेट गोल आहे म्हणून कॅप्चर होईलच असं नाही, हे पहिलं डोक्यात ठेवा. गोल सॉकेटवाली दहा कार्डं हातात आली तर त्यातली बहुतेक नुसती टीव्ही-आउटची निघतात.

२. पण आजच्या काळात असलं कार्ड घेऊन करायचं काय?

तीन कामं. एक, व्हीएचएस कॅसेटी डिजिटल करणं, लग्न, मुंज, देवळातल्या उत्सवात गावच्या पोरांनी केलेलं नाटक, शिगम्याची मिरवणूक वगैरे. दोन, जुन्या काचेच्या टीव्हीवर जुने गेम खेळणं. तीन, नुसता शौक, जुनी मशीन जशी होती तशी उभी करायची.

तुमचं काम फक्त पाच-दहा कॅसेटींचं असेल आणि घरात जुना पीसी नसेलच, तर खरं सांगतो, कार्डाच्या नादाला लागू नका. यूएसबीचं बरं कॅप्चर डिव्हाइस घ्या किंवा कुणाकडे अ‍ॅनालॉग इनपुट असलेला डिजिटल कॅमकॉर्डर असेल तर तो मधे लावून काम उरका. जुनं कार्ड घ्यायचं ते जुना पीसी आधीच आहे, किंवा शंभरेक कॅसेटी आहेत आणि चित्राची क्वालिटी सुधारायची खाज आहे, अशांनी. स्वस्तातल्या यूएसबी डोंगलपेक्षा चांगल्या जुन्या कार्डाचं चित्र बऱ्याचदा स्थिर येतं, पण त्यासाठी मशीन उभं करायची मेहनत आहे.

३. ट्यूनर आहे म्हटल्यावर त्यावर टीव्ही दिसेल ना? दूरदर्शन तरी?

विसरा. हे ट्यूनर अ‍ॅनालॉग आहेत. केबल डिजिटल झाली, शेवटच्या टप्प्याची मुदत मार्च २०१७ मध्ये संपली, आणि दूरदर्शनने २०२२ पर्यंत देशातले बहुतेक अ‍ॅनालॉग ट्रान्समीटर बंद केले. आता हवेतून जे काय येतं ते डीव्हीबी-टी२, म्हणजे डिजिटल सिग्नल, आणि ते या कार्डांना कळत नाही. त्यामुळे आल्तिनच्या (पणजीतल्या दूरदर्शन केंद्राच्या) दिशेने अँटेना फिरवून मुंग्याच दिसतील.

सेटटॉप बॉक्सची पिवळी पिन (चित्राची) कार्डाच्या कॉम्पोझिट इनपुटला आणि लाल-पांढरी (आवाजाची) ऑडिओ इनपुटला लावून टीव्ही बघता येतो, पण तेव्हा ट्यूनर बॉक्सचा वापरला जातो, कार्डाचा नाही. म्हणून ट्यूनरसाठी जास्त पैसे मोजू नका. एकच गंमत, ऑल-इन-वंडर ९६०० प्रो सारख्या काही कार्डांत एफएम पण आहे आणि एफएम अजून अ‍ॅनालॉगच आहे, तेव्हा आकाशवाणी ऐकायला चालेल! आणि ट्यूनरचा दुसरा एक उपयोग प्र. १८ मध्ये.

४. माझ्या मदरबोर्डात कुठलं कार्ड बसेल हे कसं कळणार?

इथे घाई करू नका, कारण चुकीचं कार्ड घातलं तर नुसतं चालत नाही असं नाही, बोर्ड जळू शकतो.

स्लॉट तीन प्रकारचे. पांढरे लांब ते पीसीआय. २००४ नंतरच्या बोर्डांवर पीसीआय एक्सप्रेस. आणि मधल्या काळातल्या, म्हणजे साधारण १९९७ ते २००५ च्या बोर्डांवर तो एकटा, बहुतेक वेळा चॉकलेटी रंगाचा, जरा मागे सरकवलेला एजीपी. टीव्हीवाली चांगली कार्डं बहुतेक एजीपीचीच.

एजीपीत व्होल्टेजचा घोळ आहे. पहिली कार्डं ३.३ व्होल्टची, नंतरची १.५ व्होल्टची, आणि ८एक्स वेगाच्या कार्डांचा सिग्नल ०.८ व्होल्टवर. कार्ड हातात घ्या आणि सोनेरी पट्ट्यांची कडा बघा, तिथे खाच असते. जिकडे मॉनिटरची सॉकेटं आहेत त्या पत्र्याच्या जवळची खाच म्हणजे ३.३ व्होल्ट, पत्र्यापासून लांबची खाच म्हणजे १.५ व्होल्ट, दोन्ही खाचा असतील तर दोन्हीकडे चालायला हवं. चालायला हवं म्हणतोय, कारण काही स्वस्त कार्डांवर दोन्ही खाचा कापलेल्या असूनही आतून ती ३.३ चीच असायची. पेन्टियम ४ च्या इंटेल ८४५ सारख्या चिपसेटवर ३.३ चं कार्ड अजिबात चालत नाही, चिपसेटच उडू शकतो. उलट पेन्टियम २-३ च्या ४४०बीएक्स बोर्डांना ३.३ च लागतं.

म्हणजे सरळ हिशेब: व्हूडू३ ३५००, ऑल-इन-वंडर प्रो, ऑल-इन-वंडर १२८ ही मंडळी जुन्या बोर्डांसाठी. पेन्टियम ४ किंवा अ‍ॅथलॉन एक्सपी प्रोसेसर असेल तर रेडिऑन पिढीपासून पुढचं बघा. खाच स्लॉटात बसत नसेल तर जोर लावायचा नाही, आणि काही महाभाग खाच कानशीने घासून बसवतात ते तर मुळीच नाही.

५. बरं, मग मॉडेल कुठलं? एकच नाव सांगा.

एकच नाव मागणारे सगळेच, पण बोर्ड वेगळा तर नाव वेगळं. तरी कॅसेटींसाठी एजीपीच्या पेन्टियम ४ मशीनवर मी पहिलं नाव घेईन ते ऑल-इन-वंडर रेडिऑन ७५०० चं. कार्ड थंड चालतं, जास्तीची पॉवर लागत नाही, आणि व्हिडिओचं काम करणारी एटीआयची थिएटर चिप आहे. कॅप्चरसाठी गेमिंगची ताकद काहीही कामाची नाही हे लोकांच्या गळी उतरत नाही. ९७०० प्रो, ९८०० प्रो ही ऑल-इन-वंडर कार्डं भारी आहेत, गेमही मस्त चालतात, पण ती तापतात, त्यांना एसएमपीएसची (पीसीच्या पॉवर सप्लायची) वेगळी वायर लावावी लागते, आणि इतक्या वर्षांनी त्यांचे पंखे आणि सोल्डर दमलेले असतात. जुने गेम पण खेळायचे असतील तरच ती घ्या. मधली ९००० आणि ९६०० पण ठीक.

८५००डीव्ही मिळालं तर त्यावर फायरवायरचं पोर्ट आहे, मिनी-डीव्ही कॅमेऱ्याच्या टेपा असणाऱ्यांसाठी ते सोयीचं. पीसीआय एक्सप्रेसमध्ये एक्स६०० प्रो, एक्स१९०० ही ऑल-इन-वंडर निघाली, पण आपल्याकडे ती क्वचितच दिसतात.

एटीआय सोडून बघायचं तर एनव्हिडियाचं पर्सनल सिनेमा नावाने आलेलं आहे, शिवाय जीफोर्स ४ टीआय आणि ६८०० मधली काही व्हीआयव्हीओवाली, त्यांच्यावर फिलिप्सची चिप असते. मॅट्रॉक्सची मार्व्हल जी२००-टीव्ही आणि जी४००-टीव्ही मला स्वतःला फार आवडतात, त्यांच्यात एमजेपेगचं, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करायचं, काम हार्डवेअरमध्ये व्हायचं म्हणून तेव्हाच्या हळू प्रोसेसरवर पण फ्रेम गळत नसत, पण ती विंडोज ९८ ची माणसं, विंडोज एक्सपीवर रडवतात. व्हूडू३ ३५०० हे १९९९ चं, त्याची कंपनी थ्रीडीएफएक्स २००० च्या डिसेंबरात एनव्हिडियाला विकायला निघाली, आता ते संग्राहकांचं कार्ड झालंय, कामासाठी घेऊ नका.

आणि ग्राफिक्स कार्ड आहे तेच ठेवायचं असेल तर बीटी८७८ किंवा एसएए७१३४ चिपचं साधं पीसीआय कार्ड घ्या. २००० नंतरच्या काळात आपल्याकडे जी "टीव्ही ट्यूनर कार्ड" धो धो विकली गेली ती बहुतेक हीच. गाजावाजा नाही, पण काम करतात.

६. कार्ड एकदम स्वस्त मिळतंय, फक्त वायरी नाहीत. घेऊ का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर एका शब्दात, नको.

या कार्डांच्या पत्र्यावर जागाच नसायची, म्हणून ऑडिओ-व्हिडिओच्या सगळ्या पिना एका विचित्र सॉकेटात कोंबायचे आणि सोबत एक झुपकेदार वायर किंवा डबी द्यायचे. एटीआयची ती जांभळी डबी बघितलीय का, ज्यात एस-व्हिडिओ, पिवळी, लाल, पांढरी अशी भोकं असतात, ती नसेल तर इनपुटला काही लावताच येत नाही. व्हूडू३ ३५०० ची तर कमाल, मॉनिटरचं सॉकेटसुद्धा डबीतूनच, म्हणजे डबी नाही तर साधा डेस्कटॉपही दिसायचा नाही. एटीआयच्या वेगवेगळ्या पिढ्यांच्या वायरी एकमेकांना चालतीलच असंही नाही, त्यामुळे "दुसरी कुठली तरी जुगाडू" म्हणू नका. नुसती वायर शोधायला जाल तर कधी कधी ती कार्डापेक्षा महाग पडते.

सूट फक्त दोन ठिकाणी. एक, ज्या कार्डावर चार पिनांचं साधं एस-व्हिडिओ किंवा पिवळं आरसीए सॉकेट थेट पत्र्यावर आहे, पीसीआय ट्यूनर कार्डांवर असतं तसं. दोन, सात पिनांचं गोल सॉकेट, त्यात साधी चार पिनांची एस-व्हिडिओ वायर बसते, टीव्ही-आउटपुरतं भागतं. नऊ पिनांच्या सॉकेटवर मात्र इनपुटसाठी त्याची स्वतःची झुपकेदार वायरच लागते.

विकणाऱ्याला सांगा की सगळा पसारा टेबलावर मांडून एक फोटो पाठव, वायरीच्या दोन्ही टोकांचा. फोन करून "सगळं आहे ना" विचारलं की तो हो म्हणणारच.

७. कार्ड अमेरिकेतून आलंय. आपल्याकडे पाल, तिकडे एनटीएससी. चालेल?

पाल आणि एनटीएससी या टीव्हीच्या सिग्नलच्या दोन वेगळ्या पद्धती. ट्यूनर चालणार नाही, पण ट्यूनर तसाही मेलेला आहे (प्र. ३). कॅप्चरसाठी महत्त्वाचं ते पिवळी पिन आणि एस-व्हिडिओ, आणि तिथलं चित्र वाचणारी चिप बहुतेक कार्डांत दोन्ही पद्धती ओळखते, ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये पाल-बी निवडलं की झालं. आपलं पाल म्हणजे ६२५ ओळी, सेकंदाला २५ फ्रेम. तिकडचं ५२५ ओळी आणि २९.९७.

टीव्ही-आउटचं जरा वेगळं. ड्रायव्हर चढल्यावर देश बदलता येतो, पण मशीन सुरू होतानाचा पहिला स्क्रीन कार्डाच्या बायोसमधून येतो आणि तो एनटीएससीच राहतो. काही एटीआय कार्डांवर त्यासाठी छोटा जंपर किंवा स्विच आहे, बारीक अक्षरात शेजारी लिहिलेलं असतं. गेल्या वीस-पंचवीस वर्षांतले बहुतेक कलर टीव्ही दोन्ही पद्धती दाखवतात त्यामुळे फार डोकं खाऊ नका.

८. विंडोज कुठलं टाकू? १० चालेल का?

एक्सपी, सर्व्हिस पॅक ३. बाकी वाद नको. ऑल-इन-वंडरचा डिस्प्ले कदाचित विंडोज ७ वर उठेल पण कॅप्चरचा भाग उठत नाही, आणि तुम्हाला तोच हवाय. १० वर तर विचारूच नका.

ड्रायव्हर चढवायचा क्रम चुकला की लोक रात्र रात्र बसतात. आधी मदरबोर्डाच्या चिपसेटचा ड्रायव्हर, मग डायरेक्टएक्स, मग डिस्प्लेचा, मग कॅप्चरचा म्हणजे डब्ल्यूडीएम ड्रायव्हर, आणि शेवटी हवं असेल तर एटीआयचं मल्टिमीडिया सेंटर. ते मल्टिमीडिया सेंटर काही आवृत्त्यांत ओरिजिनल सीडी मागतं, म्हणून कार्डासोबत सीडी मिळाली तर ती फेकू नका. पण खरं म्हणजे त्याची गरजच नाही, डब्ल्यूडीएम ड्रायव्हर नीट चढला की व्हर्च्युअलडब नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात कॅप्चर करा.

एक्सपीचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ ला बंद केला, तेव्हा हे मशीन इंटरनेटला लावून ठेवायचं नाही. फाइली पेनड्राइव्हने किंवा हार्डडिस्क काढून न्या.

९. लिनक्सवर?

बीटी८७८, एसएए७१३४, सीएक्स८८ या चिपांची पीसीआय कार्डं लावली की बहुतेक वेळा आपोआप ओळखली जातात, ड्रायव्हर कर्नलमध्येच आहेत. ऑल-इन-वंडरच्या कॅप्चरसाठी पूर्वी गॅटॉस नावाचा प्रकल्प होता, तो केव्हाच मागे पडला. लिनक्सवालेच असाल तर ऑल-इन-वंडर घेऊ नका, प्र. ५ च्या शेवटचा परिच्छेद तुमच्यासाठी.

१०. कॅप्चर करताना सेटिंग काय ठेवू? डिस्क किती लागेल?

७२० बाय ५७६, २५ फ्रेम, कॉम्प्रेशन हफीयूव्ही (चित्र न बिघडवता फाइल लहान करणारं). आवाज ४८ किलोहर्ट्झ. डीइंटरलेस, म्हणजे एकाआड एक ओळींची दोन अर्धी चित्रं (फील्ड) जोडून एक करणं, कॅप्चर करताना करायचं नाही, दोन्ही फील्ड जशा आहेत तशा आत घ्या, नंतर निवांत नव्या मशीनवर करा. काही जण जागा वाचवायला ३५२ बाय २८८ वर घेतात आणि मग नाटकातल्या माणसांचे चेहरे ओळखू येत नाहीत म्हणून परत कॅसेट लावतात. तोवर व्हीसीआर जिवंत असला तर बरं.

जागेचा हिशेब असा. काहीच कॉम्प्रेस न करता तासाला ७५ जीबीच्या आसपास. हफीयूव्हीने ते तीस-पस्तीसवर येतं, चित्रात मुंग्या जास्त तर फाइल मोठी. डीव्ही फॉर्मॅट तासाला १३ जीबी. म्हणजे तीन तासांच्या कॅसेटीला हफीयूव्हीत एकशेदहा जीबी मोकळी ठेवा. डिस्क एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेली हवी, जुन्या एफएटी३२ पद्धतीवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल होत नाही आणि कॅप्चर मधेच थांबतं. आणि एक्सपी जर सर्व्हिस पॅक १ च्या आधीचा असेल तर १३७ जीबीच्या पुढची डिस्क त्याला दिसत नाही.

विंडोज एका डिस्कवर आणि कॅप्चर दुसऱ्या डिस्कवर. अँटीव्हायरस, स्क्रीनसेव्हर बंद. चित्राच्या अगदी खाली चार-सहा ओळी फाटलेल्या दिसतात, तो व्हीसीआरच्या हेडचा स्वभाव आहे, कार्ड खराब नाही. टीव्हीवर तो भाग कडेच्या मागे लपायचा म्हणून आपण कधी बघितला नव्हता.

११. सगळं लावलं पण चित्र ब्लॅक अँड व्हाइट येतंय.

दोनच कारणं. पहिलं, एकीकडे पाल आणि दुसरीकडे एनटीएससी. सेटिंगमध्ये बदलून बघा. दुसरं, वायरीचं. एस-व्हिडिओत प्रकाश एका तारेवर आणि रंग दुसऱ्या तारेवर जातो, पिवळ्या पिनेत दोन्ही एकत्र. तुम्ही एका बाजूला एस-व्हिडिओ आणि दुसऱ्या बाजूला पिवळी पिन अशी साधी वायर लावली असेल किंवा सॉफ्टवेअरमध्ये इनपुट चुकीचं निवडलं असेल, तर रंगाची तार लटकलेलीच राहते आणि फक्त प्रकाश पोचतो. ओळखायचं कसं? चित्र अगदी स्वच्छ, ठळक, फक्त रंग नाही असं असेल तर वायर. चित्र वर सरकत असेल तर पद्धत. कॅसेट परदेशातली असेल तर आधी प्र. १४.

१२. टीव्ही-आउट लावलं, टीव्हीवर काहीच नाही. किंवा आलं पण अक्षरं वाचता येत नाहीत.

काहीच नसेल तर क्रम बदला: आधी टीव्ही चालू करून वायर लावा आणि मगच पीसी सुरू करा. पलीकडे टीव्ही आहे की नाही हे कार्ड सुरू होतानाच तपासतं, तेव्हा वायर नव्हती तर सेटिंगमधला टीव्हीचा पर्याय धूसर राहतो. एनव्हिडियाच्या जुन्या ड्रायव्हरमध्ये टीव्ही जबरदस्तीने ओळखायला लावायची खूण करता येते.

अक्षरांचं काही होणार नाही हो. पालला दिसणाऱ्या ओळी ५७६, त्यात १०२४ बाय ७६८ चा डेस्कटॉप कोंबला तर लापशीच होणार. ८०० बाय ६०० किंवा ६४० बाय ४८० ठेवा, फाँट मोठा करा. गेम आणि सिनेमे छान दिसतात, एक्सेल नाही.

नव्या एलईडी टीव्हीवर एस-व्हिडिओ नसतं. पिवळी पिन पण बऱ्याचदा ३.५ एमएमच्या भोकातून येते आणि त्या वायरीची जोडणी कंपनीगणिक वेगळी, घरातली दुसरी कुठली लावली तर चित्राच्या जागी आवाज येतो. असल्या टीव्हीला व्हीजीए किंवा एचडीएमआयच लावा, जुन्या कार्डाचं टीव्ही-आउट जुन्या टीव्हीसाठीच.

१३. आमच्याच लग्नाची कॅसेट, आणि कार्ड म्हणतं कॉपी करायला बंदी आहे!

विकतच्या सिनेमांच्या कॅसेटींत मॅक्रोव्हिजन नावाचा सिग्नल असायचा. चित्राच्या वरच्या न दिसणाऱ्या ओळींत मुद्दाम गडबड भरलेली, म्हणजे कॉपी केली की उजेड कमी-जास्त होत राहतो. ऑल-इन-वंडर तो ओळखून कॅप्चर नाकारतं. घरच्या कॅसेटीत मॅक्रोव्हिजन नसतंच, पण टेप झिजलेली असली की तिथला सिग्नल इतका हलतो की कार्डाला तसंच वाटतं. व्हीसीआरचं ट्रॅकिंग फिरवून बघा, हेड साफ करा, दुसरा व्हीसीआर लावून बघा. एवढ्यानेही नाही झालं तर मधे टाइम बेस करेक्टर (हलणारा सिग्नल स्थिर करणारा डबा) लागतो, किंवा त्या एका कॅसेटीपुरतं बीटी८७८ चं कार्ड वापरा, ते असल्या बाबतीत कमी कटकटी आहे.

१४. लिस्बनच्या आत्येची, स्विंडनच्या भावाची आणि टोरंटोच्या मामांची, अशा तीन ठिकाणच्या कॅसेटी आहेत. वेगळं कार्ड लागेल का?

हा प्रश्न गोव्यातूनच येऊ शकतो! लिस्बनची कॅसेट पाल, आपल्यासारखीच, काही करायचं नाही. स्विंडनची, म्हणजे इंग्लंडचीही पाल. तिथला प्रसारणाचा आवाज वेगळ्या फ्रीक्वेन्सीवर असतो म्हणून तिकडचा टीव्ही इथे आणला तर मुका व्हायचा, पण कॅसेटीत तो फरक राहत नाही. कुवेत-दुबईहून आलेल्या पण बहुतेक पालच.

टोरंटोची एनटीएससी. त्यासाठी कार्ड नाही, व्हीसीआर वेगळा लागतो. गल्फातून किंवा बोटीवरून आणलेले मल्टिसिस्टम व्हीसीआर आपल्याकडे बऱ्याच घरांत आहेत, तो चालेल, पण एक मेख आहे. पुष्कळ व्हीसीआरवर "पाल टीव्हीवर एनटीएससी प्लेबॅक" असं लिहिलेलं असतं आणि ते जे बाहेर काढतात ते ना पाल ना एनटीएससी, रंग पालचा आणि ओळी ५२५, त्याला पाल-६० म्हणतात. टीव्हीला ते चालतं, कॅप्चर कार्डाला बहुतेक वेळा नाही, मग चित्र लोळतं किंवा रंग उडतो. व्हीसीआरच्या मागे किंवा मेनूत एनटीएससी ३.५८ निवडता येत असेल तर ते निवडा आणि कार्डात एनटीएससी-एम, ७२० बाय ४८०. ४.४३ एवढाच पर्याय असेल तर कार्डाच्या यादीत एनटीएससी ४.४३ आहे का बघा. दोन्ही नसेल तर दुसरा व्हीसीआर शोधा, सॉफ्टवेअरमध्ये खेळत बसू नका.

१५. चित्र आहे, आवाज नाही. किंवा सतत घूं असा आवाज.

बऱ्याच कार्डांत आवाज कॅप्चर होतच नाही, तो फक्त पुढे ढकलला जातो. म्हणून व्हीसीआरची लाल-पांढरी सरळ साउंड कार्डाच्या निळ्या लाइन-इनमध्ये लावा आणि रेकॉर्डिंगचा सोर्स लाइन-इन निवडा. गुलाबी माइकच्या भोकात लावली तर आवाज फाटतो.

घूं येतं ते अर्थिंगमुळे. जुन्या घरांत एका खोलीचं अर्थिंग दुसऱ्या खोलीशी जुळत नाही, कधी कधी नसतंच. पीसी, व्हीसीआर, टीव्ही सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावा, आणि केबलची जाड वायर कुठे लावलेली असेल तर ती काढून बघा.

१६. सेकंडहँड कार्ड हातात आल्यावर काय काय बघू?

आधी कपॅसिटर. त्या छोट्या नळकांड्यांची डोकी सपाट हवीत. फुगलेली, किंवा वर तपकिरी चिकट काही आलेलं असेल तर परत द्या. २००० नंतरच्या काही वर्षांत खराब कपॅसिटरची साथच आली होती आणि कार्डं त्यातच सापडली. मग पंखा बोटाने फिरवा, अडखळला तर तेल-पाणी किंवा बदल.

मग सोनेरी पट्ट्या, आणि इथे आपलं हवामान येतं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि उरलेला वेळ खारा वारा, त्यामुळे गोव्यात पडून राहिलेल्या कार्डाच्या पट्ट्यांवर काळपट थर असतो आणि सॉकेटांच्या आत हिरवट पूड. थर शाळेच्या पांढऱ्या खोडरबराने निघतो, एकाच दिशेने हलक्या हाताने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल. पूड बाहेरच्या सॉकेटात असेल तर निघेल, पण ट्यूनरच्या पत्र्याच्या डब्याच्या सांध्यांतून किंवा चिपच्या पायांत हिरवं दिसलं तर सोडून द्या. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा बेंगळुरूच्या एसपी रोडवरून मागवत असाल तर पावसाळ्यात कुरियर करू नका म्हणेन, दसऱ्यानंतर मागवा.

चालवून बघायचं तर नुसता डेस्कटॉप दिसला म्हणजे झालं नाही. इनपुटला काहीतरी लावून चित्र बघा. आउटपुट चालतं आणि इनपुट मेलंय असं बऱ्याचदा असतं.

१७. कॅसेटीवर पांढरी बुरशी आहे. एकदाच लावून घेऊ का पटकन?

नाही. ती व्हीसीआरच्या हेडवर बसते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटीला लागते. खिडकीतून रीळ उजेडात धरून बघा, कडेवर पांढरे ठिपके किंवा कोळिष्टकासारखं दिसलं तर ती कॅसेट बाजूला. साफ करून देणारे लोक आहेत, किंवा कामाचा नसलेला व्हीसीआर फक्त असल्या कॅसेटींसाठी ठेवा.

१८. लहानपणीचा कार्ट्रिजवाला व्हिडिओ गेम अँटेनाच्या वायरीने लागायचा. तो या कार्डाला लागेल?

लागेल, आणि ट्यूनरचा आज उरलेला खरा उपयोग हाच. गेमची आरएफ वायर ट्यूनरला लावा, चॅनल स्कॅन करा, जुन्या व्हीसीआरच्या आरएफ-आउटचंही तसंच. ट्यूनर पालचा हवा मात्र, इथे प्र. ७ मधली अमेरिकन कार्डाची सूट चालत नाही. ट्यूनरमधून चित्र जरा उशिरा येतं, उडी मारायच्या गेममध्ये ते जाणवतं. गेमला पिवळी पिन असेल तर तीच वापरा.

१९. अँटेनाची वायर लावून ठेवली तर चालेल ना?

मे आणि ऑक्टोबरात गडगडायला लागलं की काढा. छतावरून येणारी वायर थेट कार्डात जाते आणि कार्ड थेट मदरबोर्डात. वापर नसताना कार्ड अँटिस्टॅटिक पिशवीत, पिशवी घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेल, आणि त्याची वायर त्याच डब्यात.

२०. एकाच मशीनमध्ये ऑल-इन-वंडर आणि वेगळं पीसीआय ट्यूनर कार्ड दोन्ही लावले तर भांडतात का?

भांडतात, पण मिटवता येतं. पीसीआय कार्ड एजीपीच्या अगदी शेजारच्या स्लॉटात घालू नका, बऱ्याच बोर्डांवर त्या दोघांचा इंटरप्ट (प्रोसेसरला हाक मारायची लाइन) एकच असतो आणि उष्णताही तिथेच. एकाचे ड्रायव्हर पूर्ण चढवून, चालवून बघून मगच दुसरं लावा. मल्टिमीडिया सेंटरला फक्त एटीआयचंच कार्ड दिसतं, व्हर्च्युअलडबमध्ये मात्र दोन्हींची नावं येतात त्यातून निवडायचं. तरीही मशीन अडकत असेल तर त्या दिवशी नको असलेलं कार्ड डिव्हाइस मॅनेजरमधून डिसेबल करा, काढायची गरज नाही. आणि साउंड कार्डाचं लाइन-इन एकच आहे, त्याची वायर तेवढी हाताने बदलावी लागेल.